तरुण शास्त्रज्ञांचा आधारवड

१ जानेवारी २००५, शनिवार
संकल्प. यंदापासून रोजनिशी लिहिणार. ही कुणी वाचावी म्हणून नाही. (कुणी वाचलीच तर निवृत्तीनंतर, ग्रंथरूपाने.)
पहाटे पाचला उठणे. रंकाळ्याला एक फेरी. गोड बंद. आणि मुख्य म्हणजे कोल्हापुरात राष्ट्रीय परिषद भरवणे. विषय : इकोहायड्रॉलॉजी. हा शब्द गेल्या महिन्यात बंगलोरच्या परिषदेत ऐकला. पाणी आणि झाडंझुडपं यांचं आपसातलं नातं, असा साधारण अर्थ आहे. कोल्हापुरात अजून कुणाला माहीत नाही. म्हणजे मीच पहिला.
आज उठायला साडेसात झाले. रात्री पाहुणे होते. उद्यापासून नक्की.

३ जानेवारी
प्राचार्य परिषदेला हो म्हणाले. नीट ऐकून न घेताच हो म्हणाले, हा त्यांचा माझ्यावरचा विश्वास.
पर्यावरणशास्त्राचा विभागप्रमुख मी. मूळचा रसायनशास्त्राचा, पण विभाग निघाला तेव्हा सगळ्यांत सीनियर मीच होतो.
परिषदेत एक खास कल्पना : 'तरुण शास्त्रज्ञ आधार मंच'. बंगलोरला पोरं आपापल्या पोस्टरशेजारी दिवसभर उभी होती. कुणी थांबत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. (मीही पोस्टरच नेलं होतं, पण ते वेगळं.)
सध्या आपल्याकडे तरुण शास्त्रज्ञ एकच. शबनूर मुल्लाणी. माझ्याकडे पीएच.डी. करते. राहणार गडमुडशिंगी. वडील मौला, त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच. पंचगंगेच्या काठावर वाळुंजाच्या झाडाखाली पाइप पुरून जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजत असते. दोन वर्षं चाललंय. तिला मंचाची सेक्रेटरी केलं. आनंदली असावी. लगेच नदीवर निघून गेली.

१७ फेब्रुवारी
शबनूर केबिनमध्ये धावतच आली. आलेख दाखवत होती. झाड दिवसा पाणी ओढतं तेव्हा पाइपातली पातळी बोटभर उतरते आणि रात्री पुन्हा चढते, असं काहीसं. म्हणाली, "सर, झाड पाणी पितंय हे डोळ्यांनी दिसतंय की!" मी तेव्हा फोनवर होल्डवर होतो. छान म्हटलं. मग सांगितलं की शास्त्रज्ञाने इतकं उत्तेजित होऊ नये. आणि परिषदेच्या लोगोत पाण्याचा थेंब निळा हवा की हिरवा, यावर तिचं मत विचारलं.
तिच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण दिवाळीपासून माझ्या टेबलावर आहे. या रविवारी वाचून टाकायचंच.

९ मार्च
आनंदाची बातमी आणि थोडा मनस्ताप.
युरोपातल्या एका मोठ्या परिषदेने तरुण संशोधकांसाठी जागा ठेवल्या होत्या. जाणं, येणं, राहणं सगळं त्यांच्याकडे. शबनूरची निवड झाली! भारतातून दोघंच. म्हणजे मार्गदर्शन चांगलं आहे हे परदेशातही पोचलंय. सप्टेंबरात जायचं. माझी संमती हवी.
विचार केला. पोरगी कधी पुण्याच्या पलीकडे गेलेली नाही. इंग्रजी अडखळतं. तिथे फजिती झाली तर नाव कुणाचं जाणार? शिवाय आधी गाइडने जग पाहावं, मग विद्यार्थ्याने, असा एक क्रम असतो. संयोजकांना ई-मेल केली की तिच्या वतीने पेपर मीच वाचतो.

१४ मार्च
उत्तर आलं. ही मदत पस्तिशीच्या आतल्यांसाठीच आहे, क्षमस्व. वयावरून सरळ सरळ भेदभाव. आणि हे आपल्याला समतेचे धडे देणार.
शबनूरला समजावलं की पुढच्या वर्षी जा, घाई काय आहे, तोवर पाया पक्का कर. "बरं, सर," म्हणाली. समजूतदार आहे.
घरी सौ.ला सांगितलं. ती संकेश्वरकडची, चिडली की कन्नड येतं तोंडात. म्हणाली, "री, पोरगी जाऊन आली असती तर तुमचं काय झिजणार होतं?" या विषयातलं तिला काही कळत नाही.

२४ एप्रिल, रविवार
आज शबनूरच्या साइटवर जायचं ठरलं होतं. ती सकाळी सातपासून नदीवर वाट पाहत होती म्हणे. गुडघा. शिवाय ऊन. तिने फोनवर सांगितलं, "सर, पुढच्या रविवारी या, वाळुंजाला नवी पालवी हाय." येतो म्हटलं. एकदा निवांत जायचंच आहे.

२० मे
परिषदेची तारीख ठरली. ११ आणि १२ ऑगस्ट. शबनूर म्हणाली, सर, तेव्हा पाणी रस्त्यावर येतं, पावणं येणार कसं? मी हसलो. नदी भरलेली असेल तेव्हाच तर नदीवरची परिषद शोभते. पाहुण्यांना फोटो काढता येतील. तरुणांकडे दृष्टी नसते, ती द्यावी लागते.

२८ जून
कामाची वाटणी. निमंत्रणं : शबनूर. सारांशांचं टायपिंग : शबनूर. जेवण, राहणं, बॅजेस : शबनूर आणि शिपाई जोतीराम. एकूण देखरेख : मी.
तिने आठवड्यातले दोन दिवस नदीसाठी मागितले. रीडिंग चुकतायत म्हणे. परिषदेचा अनुभव हेच खरं फील्डवर्क, असं सांगितलं. गमबूटही मागितले. ते पैसे नुकतेच परिषदेच्या पिशव्यांकडे वळवले होते. पिशव्या सुरेख झाल्यात. दोनशे. तागाच्या, निळा थेंब, खाली माझं नाव. दहा वर्षं टिकतील.

२४ जुलै. पुणे
उद्घाटक म्हणून डॉ. केळशीकरांना स्वतः निमंत्रण द्यायला आलो. दिल्लीच्या कमिट्यांवर असतात. पाऊण तास बाहेर बसवलं. मोठी माणसं. येतो म्हणाले, पण विमानाने.
पाऊस जोरात आहे. शेतीला चांगलं.

२६ जुलै. पुणे
परतीचा रस्ता बंद. शिरोलीजवळ हायवेवर पाणी. लॉजमध्ये अडकलो. टीव्हीवर मुंबईचीच चित्रं, कोल्हापूरचं नाव नाही.

२७ जुलै. पुणे
सकाळी कॉलेजात फोन लागेना. जोतीरामच्या घरात पाणी शिरलंय, तो पोराबाळांना घेऊन शाळेत गेलाय. शेवटी शबनूर मोबाइलवर सापडली. म्हटलं, पिशव्या तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये आहेत, त्या वरच्या मजल्यावर हलव. ती म्हणाली, "सर, प्रयोगशाळा पण तळालाच हाय. माझ्या फ्लॉप्या, मातीचे नमुने, समदं तिथंच हाय." मी म्हटलं, ते बघूच. आधी पिशव्या.
दुपारी तिचा फोन. आवाज दमलेला. सगळ्या पिशव्या वर नेल्या. एकटीने. तोवर पाणी छातीपर्यंत आलं आणि प्रयोगशाळेचं दार उघडेना. "माझं राहिलं, सर," म्हणाली.
धीर दिला की रीडिंग काय, पुन्हा घेता येतात. वय आहे तुझ्या बाजूने.
दोनशेच्या दोनशे वाचल्या! दोनशे किलोमीटरवरून फोनवर आपत्ती व्यवस्थापन. यावर एक लेख होईल.

२ ऑगस्ट
पोचलो एकदाचा. पिशव्या कोरड्या ठणठणीत. प्रयोगशाळेत गुडघाभर चिखल, मेलेली घूस, वास. शबनूर चिखलात बसून फ्लॉप्या शोधत होती. सापडल्या तेवढ्या साडीच्या तुकड्याने पुसून ओळीत मांडल्या होत्या. आता त्या कुठल्या चालणार! नदीवरचे पाइपही गेलेत म्हणे, एक उरला नाही.
तिच्या पायाला काच लागलीय. जखम भिजून पांढरी पडली होती. धनुर्वाताचं इंजेक्शन घे, असं मी बजावून सांगितलं. त्याची इथे नोंद करून ठेवतो.

६ ऑगस्ट
परिषद डिसेंबरात ढकलली. निसर्गापुढे कुणाचं चालतं.
शबनूर गैरहजर. घरी फोन केला. तिच्या आईने, मेहमुदाबींनी उचलला. ताप हाय, पोटऱ्या लई दुखत्यात, डोळं लाल झाल्यात म्हणाल्या. व्हायरल आहे, सगळ्या गावाला आहे, असं सांगून घाबरू नका म्हटलं. क्रोसिनचं नाव सुचवलं. सारांशांचं टायपिंग अर्धं राहिलंय, तेही जाता जाता आठवण म्हणून.

९ ऑगस्ट
शबनूर आली! वडिलांनी लूनावरून आणून सोडलं. स्वेटर घालून टाइप करत होती. डोळे पिवळे वाटले, पण आपल्या ट्यूबलाइटा तशाच आहेत. दुपारी जेवण नको म्हणाली, उलटी झाली. मी लगेच घरी जायला सांगितलं. दहाच सारांश राहिले होते, तरी. असा गाइड दाखवा कुठला.

१२ ऑगस्ट
शबनूर दवाखान्यात. लेप्टो आहे म्हणतात. उंदरांच्या मुताने खराब झालेल्या पुराच्या पाण्यातून होतो. जखमेवाटे शिरतो. मूत्रपिंडं काम करेनात.
सौ. दोन दिवस जाऊन बसतेय. मी आज निघालोच होतो. पत्रकार आले. परिषदेची नवी तारीख द्यायची होती.
पाण्यात सगळं गाव उतरलं होतं. सगळ्यांना कुठे झालंय?

१४ ऑगस्ट
सौ. सांगत होती, शबनूर विचारत होती की सर आले का. कशासाठी, ते विचारलं नाही हिने. बहुधा राहिलेल्या सारांशांचं असणार. जबाबदारीची जाणीव आहे पोरीत.
उद्या झेंडावंदन झालं की जाणार. मोसंबी आणून ठेवलीत.

१५ ऑगस्ट, सोमवार
झेंडावंदन. प्राचार्यांचं भाषण लांबलं.
अकराला दवाखान्यात. तिच्या कॉटवर दुसरीच बाई होती. नर्सने विचारलं, तुमची कोण? विद्यार्थिनी म्हटलं. ती म्हणाली, पहाटे गेली.
मोसंबी कुठे राहिली, आठवत नाही.

१६ ऑगस्ट
काल दुपारी गडमुडशिंगीला गेलो. कब्रस्तानात पुरुषांत उभा राहिलो. इतरांनी तीन मुठी माती दिली, तशी मीही दिली. ओली होती, हाताला चिकटून राहिली. मौलाभाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "सर, तुमी आलासा. पोरीला लई बरं वाटलं असतं."
कुणी काही बोललं नाही. कुणाच्या मनातही नसावं.
घरी सौ.ने विचारलं, तिला पाण्यात कुणी धाडलं? मी म्हटलं, परिस्थितीने. ती उठून आत गेली.

१७ ऑगस्ट
मुद्दे मांडतो, म्हणजे डोकं शांत होईल. मी पिशव्या हलव म्हणालो. पाण्यात उतर, असं म्हणालो नाही. तेव्हा पाणी कुठवर होतं, हे पुण्यातून दिसत नव्हतं. ती नाही म्हणू शकली असती. इंजेक्शन घे म्हणून सांगितलं होतं. वरची नोंद पाहावी.
सौ. आज वेगळी झोपली. पाठ धरलीय म्हणे.

५ सप्टेंबर. शिक्षक दिन
मार्ग सापडला. 'शबनूर मुल्लाणी स्मृती तरुण शास्त्रज्ञ पुरस्कार'. दरवर्षी देणार. शाल, श्रीफळ, मानचिन्ह. स्टाफरूममध्ये जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. दोन जणी रुमालाने डोळे पुसत होत्या. बोलताना माझाही आवाज भरून आला. बरं वाटलं.
सौ.ला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्या पोरीला जिवंतपणी एक गमबूट देता आला न्हाई." तेवढंच. नंतर ताटात सगळं नीट वाढलं.

२२ ऑक्टोबर
पुरस्कारासाठी अर्ज आलेले नाहीत. तरुण पिढीत आत्मविश्वासच नाही.
तिचं प्रकरण टेबलावरून कपाटात ठेवलं. कागद डोळ्यांसमोर आले की काम होत नाही. परिषद झाली की शांतपणे वाचायचं. ते तिच्या नावाने छापताही येईल. तिच्या आणि माझ्या.

१६ डिसेंबर, शुक्रवार
परिषद. पहिला दिवस.
दोनशेंची तयारी, सदतीस आले. त्यांतले अकरा आपल्याच कॉलेजचे. लग्नसराई आहे, त्यात कुणाचा दोष नाही. डॉ. केळशीकर आले, पण संध्याकाळच्या विमानाची घाई होती. शबनूरसाठी दोन मिनिटं शांतता ठेवली होती. ती त्यांच्या सूचनेवरून एक मिनिटाची केली. मधेच कुणाचा तरी मोबाइल वाजला. गाण्याची ट्यून.
माझं प्रास्ताविक चाळीस मिनिटं. लोक भारावून ऐकत होते. काही डोळे मिटून.

१७ डिसेंबर
'तरुण शास्त्रज्ञ आधार मंच' दुपारी अडीचला. दोन पोरं आली, एक सांगलीचा, एक बेळगावचा. सांगलीचा म्हणाला, सर, आमचे गाइड पेपरवर आमचं नाव घालत नाहीत, काय करावं? त्याला संयम आणि गुरूंवरची निष्ठा यांवर सविस्तर मार्गदर्शन केलं. बोलणं संपलं तेव्हा दोघंही बस गाठायला गेलेले होते. हॉलमध्ये मी आणि खुर्च्या उचलायला आलेला जोतीराम.
पुरस्कार डॉ. केळशीकरांच्या पुतण्याला दिला. तो इंजिनिअर आहे, पण तरुण आहे. जोतीरामला विचारलं, कशी झाली परिषद? म्हणाला, "पोरगी असती तर जेवणाला मीठ तरी बराबर पडलं असतं, सर." आणि तोंड फिरवून खुर्च्या रचत राहिला.

३१ डिसेंबर
वर्षाचा आढावा. राष्ट्रीय परिषद : एक. पुरस्कार सुरू केला : एक. वृत्तपत्रांत फोटो : दोन. पहाटे पाचला उठणे : प्रगतिपथावर.
उरलेल्या पिशव्या मंगल कार्यालयवाल्यांनी नेल्या. आज लक्ष्मीपुरीत एक बाई माझ्या नावाच्या पिशवीतून मेथी घेऊन चालली होती. विज्ञान लोकांपर्यंत पोचलं, असंही म्हणता येईल.
सौ. माहेरी आहे. कधी येणार, सांगितलं नाही.

८ जानेवारी २००६, रविवार
सकाळी बेल वाजली. मौलाभाई. लूना खाली लावून, पांढरा सदरा घालून आले होते. मला वाटलं पुरस्काराबद्दल काही असेल. बसा म्हटलं, चहा करतो म्हटलं. ते बसले नाहीत.
म्हणाले, "सर, काय मागाया आलो न्हाय. पोरगी रोज नदीवर जायची. म्हणायची, अब्बा, एक झाड हाय, दिवसा पाणी पितंय, त्ये मी बघती. मी कवा बघाया गेलोच न्हाय. दुकान असायचं. तेवडं झाड दावा मला. म्हंजे झालं."
 नदीवर सगळं वाहून गेलंय, असं म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "झाडं हायत की. बघूनच आलो. पर त्यातलं कंचं, ते मला म्हाईत न्हाय. तुमी तिचं सर. तुमास्नी म्हाईत आसंल."
लूनावर त्यांच्या मागे बसून गेलो. नदी अगदी खाली गेलेली. काठाला पुराचा कचरा अजून फांद्यांवर लटकलेला, चिंध्या, प्लास्टिक. झाडं पुष्कळ. सगळी हिरवी. मी पुढे चालत राहिलो, ते मागून, चपला हातात घेऊन. वाटलं, कुठेतरी खूण असेल, एखादा पाइप राहिला असेल. काही नव्हतं. मी एकदा मागे फिरलो, पुन्हा पुढे गेलो. तेही माझ्या पाठोपाठ वळले, पुन्हा वळले.
शेवटी एका मोठ्या झाडाजवळ थांबलो. त्याच्याखाली सावली चांगली होती. माणूस बसून काम करू शकेल, अशी. म्हटलं, हे.
"ह्येच?"
"हेच."
"काय म्हंत्यात ह्याला?"
"वाळुंज."
त्यांनी नाव दोनदा पुटपुटलं. मग खोडावर हात ठेवला, तापलेल्या अंगाला लावतात तसा पालथा. बराच वेळ ठेवला. मग बुंध्याशी बसून दोन्ही हात पसरून दुआ मागितली. मी जरा लांब उभा राहिलो. उठले तेव्हा डोळे पुसून हसल्यासारखं केलं आणि म्हणाले, "आता तिच्या आईला घिऊन येतो शुक्रवारी. तिला तर लई बघायचं हाय." माझ्या पायांकडे हात नेऊ लागले. मी मागे सरलो.
त्यांना समाधान वाटलं. हे महत्त्वाचं. झाड कुठलं, हा तांत्रिक भाग आहे.
बहुधा तेच असणार.
फक्त, परत निघताना वर पाहिलं तर त्या झाडाला शेंगा होत्या. चपट्या, खूप. वाळुंजाला शेंगा येतात का, हे शुक्रवारच्या आत कुणाला तरी विचारायला हवं.
एरवी शबनूरला विचारलं असतं.